येसाईची मुकी हाक

थांबा, थांबा. वर कुठे निघालात? पाण्याच्या बाटल्या घेऊन, टोप्या घालून निघालात खरे, पण सड्यावर आत्ता कुणालाच जाता येत नाही. आज भाजावळ आहे आमची, वरचं वाळकं गवत जाळायचा दिवस. ही पाटी वाचलीत का? नाही ना? फोटो मात्र काढलात. सगळे असंच करतात. बसा इथे पारावर. पाण्याची पिंपं यायची आहेत, माणसं जमायची आहेत. तोवर सांगते.

पाटी नगरपंचायतीची आहे. उघड्यावर प्लास्टिक, टायर जाळू नयेत. पालापाचोळा जाळायचा तर आधी कचेरीत कळवावं. वारा असला तर जाळू नये, दुपारी जाळू नये, जवळ पाणी ठेवावं. एवढं तुमच्या गावच्या पाटीवरही असेल. आता खालची ओळ वाचा. ‘आग तीन बाजूंनीच लावावी. चौथी बाजू मोकळी ठेवावी. मुकी हाक झाल्याशिवाय काडी ओढू नये.’ हसलात ना? सगळे हसतात. मागे एक नवे साहेब आले होते, त्यांनी विचारलं, हा शेवटचा नियम कुठल्या कायद्यात आहे? शिपाई म्हणाला, "कायद्यात नाही साहेब, सड्यावर आहे." साहेबांना वाटलं, चेष्टा करतोय.

आता पाटीच्या मागे बघा. तो वरचा उघडा माळ, जांभ्या दगडाचा, त्याला आम्ही सडा म्हणतो. वैशाखात सगळं गवत वाळून नुसतं सरपण झालेलं असतं. पण मधोमध एक पट्टा खाली वाघजाईच्या देवळापर्यंत उतरलाय, दिसतोय? तिथे उभं गवत नाही. ती येसाईची वाट. असं सांगतात की तो पट्टा कधी जळत नाही. खरंखोटं वाघजाई जाणे. आम्ही दरसाल तिथलं गवत आधीच कापून घेतो, मग जळेल कशाला? पण का कापतो, ते ऐका.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. हे आमचं किंजळशेत तेव्हा शहर नव्हतं, बाजार नव्हता. पेंढ्याने शाकारलेली घरं होती, खाली भातशेती आणि वर हा सडा. काडेपेटी नव्हती. चकमक होती ती एकट्या दादबा गावकराच्या, म्हणजे गावच्या प्रमुखाच्या घरी, आणि ती काही रोज बाहेर निघत नसे. चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवायचा, सकाळी फुंकून जागा करायचा. विझलाच तर शेजारणीकडे जायचं आणि गोवरीवर निखारा मागून आणायचा. विस्तवाला नाही म्हणू नये, अशी म्हणच होती. शत्रूच्या घरीही विस्तव मिळायचा.

पावसाच्या आधी सडा भाजायचा, ही रीत तेव्हाही होती. वाळकं गवत आपणच राखून जाळलं की वणवा घरांवर येत नाही, आणि राख पावसाबरोबर खाली शेतात उतरते. पण सड्यावर कुणी शेण वेचत असतं, कुणाचं वासरू असतं, एखादी सरपणाला गेलेली असते. म्हणून पेटवण्याआधी हाक व्हायची. घरटी एक हाक. हाक झाली की त्या घरच्या कर्त्याने इकडे तिकडे बघायचं, आपली माणसं, गुरं मोजायची आणि ओ द्यायची. ओ दिली म्हणजे माझ्या घरचं सगळं बाहेर आहे. सगळ्या घरांची ओ आली की हाकारी म्हणायचा, "सगळे बाहेर!" मग चूड खाली टाकायचे. चूड म्हणजे झावळांची मशाल.

हाकेचा हा मान हाकाऱ्यांच्या घराचा. आणि त्या काळी हाकाऱ्यांच्या घरात हाक मारायला उरली होती येसू. नवरा गेलेला. मुलगा होता, पण त्याचा आवाज अंगणाबाहेर जायचा नाही. येसूचा आवाज? अहो, ती देवळापाशी बोलली तर सड्यापलीकडच्या कोंडीवर, त्या डोहावर, पाणी भरणारी बाई मान वर करायची, असं सांगतात. लग्नकार्यात तिला हळू बोलायला सांगायचे लोक. ती म्हणायची, "ह्ये हळूच हाय."

येसूची लेक चंद्री. गावातच दिलेली, लखू पाष्ट्याला. लखू मेहनती, पण उतावळा. कुणाला विचारणं माहीत नाही. एका वर्षी त्याने काय केलं, भर दुपारी, वारा सुटलेला असताना, आपल्या वावरातला पातेरा एकट्यानेच पेटवला. कुणाला हाक नाही, जवळ पाण्याचं मडकं नाही. म्हणाला, एवढ्याशा पाचोळ्याला काय हाक मारायची? वाऱ्याने तो एवढासा पाचोळा उचलला आणि वाघजाईच्या छपरावर नेऊन टाकला. देऊळ पेंढ्याचं. देवळाच्या माळ्यावर साऱ्या गावाचं बियाण्याचं भात ठेवलेलं. सगळं गेलं. दादबाचा गोठा गेला, दावणीला बांधलेली गाय गेली. तिचं ओरडणं म्हणे पुढे कितीतरी दिवस लोकांच्या कानातून जाईना.

गाव हादरलं हो. बियाणं नाही म्हणजे पेरायचं काय? त्या साली लोक घाटावर जाऊन दाणे मागत फिरले. अशा वेळी माणसं देवळात जमली तर काय ठरवणार? दादबा गावकर काही दुष्ट माणूस नव्हता. पण गाय डोळ्यांदेखत जळालेली, आणि सारं गाव तोंडाकडे बघत उभं. तो म्हणाला, "लखू पाष्ट्याच्या घराला आजपासून इस्तव नाय, पाणी नाय, हाक नाय. त्येचं नाव घेईल त्येचं घरही वाळीत." झालं. लखू आणि चंद्री सड्याच्या पार टोकाला, कोंडीच्या वरच्या अंगाला खोपटं बांधून राहिले. पाणी त्यांना कोंडीचं मिळालं, ते काही गावाच्या हातात नव्हतं. विस्तव मात्र कुणी देईना.

आणि त्याच बैठकीत दादबाने दुसरा एक नियम केला. पूर्वी सडा वरून एका बाजूने पेटवायचे आणि पुढे पुढे हाकत आणायचे. आता म्हणाला, चारी बाजूंनी एकदम लावा. चारीकडून आग आत जाईल, मधे भेटेल आणि आपली आपण खाऊन विझेल. बाहेर एक ठिणगी येणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. हुशारीचा नियम होता. कुणाला त्यात खोट दिसली नाही, तुम्हालाही दिसली नसती.

येसू त्या बैठकीत खाली मान घालून बसली होती. काय बोलणार? लेकीचं नाव घेतलं असतं तर तिच्या घराचाही विस्तव बंद. घरात मुलगा, सून, रांगतं नातवंड. एका लेकरासाठी दुसऱ्याची चूल विझवायची? ती गप्प राहिली. सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई, साऱ्या गावात तीच तेवढी गप्प.

पण पोटची पोर कच्चं खाते आहे, हे आईला कसं सोसावं? सड्याच्या मधोमध जांभ्याची एक कपार आहे. येसू संध्याकाळी गुरं आणायला जायची, तेव्हा पदराखाली एक कान तुटलेलं मडकं न्यायची. मडक्यात राख, राखेत गोवरीचा निखारा. कपारीत ठेवायची आणि गुरं घेऊन मागे न बघता उतरायची. पहाटे, गाव जागं व्हायच्या आत, चंद्री यायची, निखारा आपल्या मडक्यात घ्यायची, तुटक्या कानाचं मडकं तिथेच उपडं ठेवून जायची. मायलेकी एकमेकींना भेटत नव्हत्या, बोलत नव्हत्या. सकाळी गुरं सोडायला गेली की येसू मडकं परत आणायची. ते उपडं दिसलं की आईला कळायचं, पोरगी जिवंत आहे, तिची चूल पेटली आहे. एवढ्यावर ती वर्षभर जगली.

आणि मग आली भाजावळ.

आदल्या संध्याकाळी येसू मडकं घेऊन अंगणात उभी राहिली. नेऊ की नको? उद्या सकाळी सडा पेटायचा. नाही नेला तर पोर उपाशी. नेला तर पोर पहाटे सड्यावर येणार. तिने मनाशी हिशेब केला. चंद्री उजाडायच्या आत येते नि जाते. चूड पडतात ते ऊन डोळ्यावर आल्यावर. मधे भरपूर वेळ आहे. कधी चुकलीय का ती वर्षभरात? नाही. मग उद्याच कशी चुकेल? उद्या सडा पेटणार आहे हे खोपटात जाऊन सांगणं तर शक्यच नव्हतं, बोलणं बंद होतं. आता बघा मंडळी, ही बाई वर्षभर गावाची चोरी करून विस्तव देत होती आणि एक शब्द द्यायला मात्र भीत होती. माणसाचं असंच असतं. चोरीलाही आपण मर्यादा घालून घेतो आणि वाटतं, एवढं तरी पाळलं. येसूने मडकं नेलं, कपारीत ठेवलं आणि उतरली.

सकाळी गाव जमलं. चार बाजूंना चार माणसं चूड घेऊन उभी. देवळाच्या अंगाला, आत्ता तुमच्यासमोर तो चौथरा आहे ना, तिथे मोठा दगड होता, त्यावर येसू चढली. शेजारी दादबा. बाजूला पाण्याची मडकी, भिजवलेली घोंगडी, टहाळे. सगळं नियमाप्रमाणे.

चढल्या चढल्या येसूने कपारीकडे बघितलं म्हणे. गवत कमरेएवढं, कपार दिसेना. मडकं उपडं आहे की उताणं, कसं कळणार? पोर येऊन गेली असेल, तिने स्वतःला सांगितलं. एव्हाना पेज उकळत असेल. आणि तिने हाक सुरू केली.

"गावकर!" ओ आली. "गुरव!" ओ आली. वाडीमागून वाडी. प्रत्येक घर बघायचं, ओ द्यायचं. "धुमाळ!" ओ. धुमाळांनंतर पाष्टे यायचे. पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम, येसूच्या जिभेला तो पाठ होता. धुमाळ म्हटलं की पाष्टे आपोआप यायचं. ते तोंडात आलं. ओठांपर्यंत आलं. दादबाने मान वळवून बघितलं. येसूने ते गिळलं.

"गोताड!" ती म्हणाली. ओ आली.

शेवटच्या घराची ओ झाली आणि सगळे तिच्याकडे बघू लागले. आता ‘सगळे बाहेर’ म्हणायचं होतं. ती म्हणेना. वारा पडलेला, चूड अर्धे जळत आलेले. दादबा म्हणाला, "येसू, वेळ कशाला? समद्यांच्या ओ झाल्या."

"झाल्या," येसू म्हणाली.

"मंग बोल की."

आणि ती बोलली. तिच्या त्या आवाजात, सड्यापलीकडे जाईल असं, "सगळे बाहेर!" चारी चूड एकदम खाली पडले.

वैशाखातलं गवत ते. पेटायला काय लागतं? बघता बघता चारीकडून ज्वाळा उभ्या राहिल्या, कडकड वाजायला लागलं, धूर वर गेला. लोकांना बरं वाटलं. दादबाचा नियम बरोबर होता, बाहेर एक ठिणगी येत नव्हती. कुणीतरी हसलंसुद्धा. म्हणालं, अशी आग दरसाल लागली तर देऊळ कशाला जळेल?

तेवढ्यात आतून ओ आली.

होय. ओ. आगीच्या आतून. बाईच्या आवाजातली, लांबवलेली, जशी घरची ओ द्यायची असते तशी. ‘वाचवा’ नाही, ‘आये’ नाही, किंकाळी नाही. कुणी हाक मारली नव्हती आणि तिने ओ दिली.

सारं गाव जागच्या जागी थिजलं. हातातले टहाळे हातात. एका बाईच्या डोक्यावरची पाण्याची घागर खाली पडून फुटली, तरी तिने खाली बघितलं नाही. पहिल्यांदा वाटलं भूत आहे. मग एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. सगळ्या घरांच्या ओ होऊन गेल्या होत्या. मग ही कुणाची? आणि कळलं हो, सगळ्यांना एकदम कळलं. गावात असं एकच घर होतं, ज्याची ओ झाली नव्हती. पण ऐकवत नाही अशी गोष्ट पुढेच आहे. कळूनसुद्धा कुणाच्या तोंडून ते नाव निघेना! समोर बाई जळते आहे, आणि नाव घ्यायचं नाही म्हणून माणसं दातखीळ बसल्यासारखी उभी. वर्षभर न घेतलेलं नाव, कुणाची जीभ वळेना. 

पुन्हा ओ आली. आता बारीक.

"चंद्रेऽऽ!"

येसू ओरडली ती अशी की दगडावरून खाली कोसळलीच. कोसळली, उठली, ओलं घोंगडं ओढलं आणि समोरच्या आगीवर बडवायला लागली. "चंद्रे! हिकडं ये गो! माज्या आवाजावर ये! पाष्ट्यांची चंद्री, लखूची चंद्री, माजी चंद्री, हिकडं!" एका वर्षाचं गिळलेलं नाव होतं ते, थांबतंय कशाला? घोंगड्याने हातभर जागा विझली की ती हातभर आत जायची. धुराने आतल्या माणसाला दिशा कळत नाही, डोळे उघडत नाहीत. कानच काय ते उरतात. हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती तोंड मिटत नव्हती. धूर नाकातोंडात जात होता, ज्वाळा तोंडाशी येत होत्या, आणि ती तोंड उघडं ठेवून हाका मारत होती.

दादबा गावकर तसाच उभा होता. नाव घेईल त्याचं घर वाळीत, हा त्याचाच शब्द. त्याच्याकडे बघत सगळे थांबलेले. मग त्याने काय केलं असेल? डोक्याचं मुंडासं काढून जमिनीवर टाकलं आणि उभ्या गावापुढे ओरडला, "चंद्री! चंद्रे, हिकडं ये पोरी! अरे, उभे काय ऱ्हायलात? चौथी बाजू फोडा!"

मग गावाचा बांध फुटला. बायका, पुरुष, म्हातारे, सगळे टहाळे, घोंगडी, मडकी घेऊन धावले. जो तो तेच नाव ओरडत होता. ज्यांनी वर्षभर त्या घराकडे पाठ फिरवली होती, ते छाती फुटेस्तोवर ओरडत होते. देवळाच्या अंगाची आग बडवून बडवून त्यांनी वाट फोडली. त्या वाटेने येसूच्या हाका येत होत्या. पुढे पुढे घोगऱ्या झाल्या, मग फाटल्या, पण येत होत्या.

आणि धुरातून चंद्री बाहेर आली. केस करपलेले, लुगड्याचा काठ जळालेला, तळपायांची सालं निघालेली. दोन्ही हातांनी तिने पोटाशी काहीतरी धरलं होतं. बायका धावल्या, त्यांना वाटलं तान्हं मूल आहे. ती हात सोडेना. दादबा जवळ गेला आणि वाकून त्याने बघितलं.

मडकं होतं. कान तुटलेलं. आत राख, आणि राखेत एक निखारा.

आगीच्या मधोमध सापडलेली बाई, आणि ती काय वाचवून आणते? विस्तव! सगळीकडे रान पेटलेलं असताना मूठभर विस्तव. लोक बघतच राहिले. एक म्हातारी तोंडात मारून घ्यायला लागली.

"ह्यो कशाला आणलास पोरी?" दादबाने विचारलं.

चंद्री म्हणाली, "ह्येना ताप हाय रातीपासनं. मी बाजूची हलले नाय, म्हणून उशीर झाला. हाका आयकल्या, पर लोकांम्होरं यायचं कसं, गवतात दबून ऱ्हायले. पेज द्यायची हाय. चूल गार हाय घरात."

बस, एवढंच बोलली. रडली नाही, बोल लावला नाही. तिच्या मते ती विस्तव न्यायला आली होती आणि तिला उशीर झाला होता. दादबाने ते मडकं ओळखलं. साऱ्या बायकांनी ओळखलं. पाणवठ्यावर रोज बघितलेलं येसूचं मडकं, कोण ओळखणार नाही? नियम येसूने मोडला होता हे खरं, पण त्या दिवशी तिला बोल लावायला तोंड कुणाला होतं?

तिच्या मागून येसू आली. दोघा गड्यांनी धरून आणली तिला. लेकीला बघून तिने तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज नाही. पाणी पाजलं, तूप दिलं, वाघजाईचा अंगारा लावला. नाही. पुन्हा हलले ओठ, पुन्हा काही नाही. तो आवाज सड्यावर जळून गेला तो गेलाच. पुढे कितीतरी वर्षं जगली ती, नातवंडांची लग्नं बघितली, पण बोलली नाही.

असं सांगतात की दादबा गावकराने ते मडकं स्वतःच्या दोन्ही हातांत घेतलं. चटके बसत होते तरी कुणाला देऊ दिलं नाही. अनवाणी, उघड्या डोक्याने, जळत्या सड्याला वळसा घालून तो लखूच्या खोपटात गेला. चूल त्याने फुंकली. पेज शिजेपर्यंत तिथेच उकिडवा बसून राहिला. लखू तापात होता, डोळे उघडले तर समोर गावकर. तो घाबरून उठायला लागला. दादबा म्हणाला, "नीज. पेज होऊ दे." बरा झाल्यावर लखूने वाघजाईचं छप्पर एकट्याने शाकारून दिलं, ते पुढे जन्मभर दर पावसाळ्याआधी. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी भाजावळ आली. गाव जमलं, पण हाक कोण मारणार? येसू आली. सवयीने त्या दगडावर चढली. लोकांना वाटलं, आता हिला खाली कसं उतरवायचं? तिने लेकीला हात धरून वर घेतलं. हाका चंद्रीने मारल्या. गावकर, गुरव, धुमाळ, आणि धुमाळांनंतर पाष्टे. पाष्ट्यांची ओ लखूने दिली तेव्हा बायकांनी डोळ्याला पदर लावले म्हणे. सगळ्यांच्या ओ झाल्या. चूडवाले वाकले. तेवढ्यात येसूने हात वर केला. वळली, सड्याकडे तोंड केलं, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडून हाक मारली. आवाज आला नाही. पण हाक होती ती, मान ताणलेली, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. आणि मग ती कान देऊन उभी राहिली. तिच्याबरोबर सारं गाव उभं राहिलं. ज्याचं नाव कुणी घेतलं नाही, असा कुणी आत असेल तर त्याची ओ ऐकू येऊ दे, म्हणून. चौथी बाजू त्या वर्षीपासून मोकळी.

आता तुम्ही म्हणाल, जुन्या काळी ठीक होतं, आता कशाला? आमच्या पोरांनीही म्हटलं. तो शेवटचा नियम पाटीवरून काढायचा असंही ठरत आलं होतं. तेवढ्यात गेल्या वर्षी बाजारामागे पालापाचोळ्याचा मोठा ढीग पेटवायचा होता. परवानगी होती, पिंपं होती, वारा नव्हता. हाका झाल्या, सगळ्यांच्या ओ झाल्या. मुकी हाक झाली. कंटाळून पोरं मोबाईल बघत उभी होती. आणि ढिगातून ओ आली हो! पाचोळा बाजूला सारून एक माणूस उठून बसला. कामाच्या शोधात लांबून कुठून तरी आलेला, आदल्या रात्रीच्या एसटीने उतरलेला. ओळखीचं कुणी नाही, म्हणून पाचोळ्यात ऊब बघून निजलेला. आमची भाषाही त्याला येत नव्हती. नुसतं ‘ओ’ म्हणाला आणि डोळे चोळत बघत राहिला. काडी हातात धरलेला पोरगा तिथेच खाली बसला. पाटी पुन्हा रंगवून घेतली ती त्यानंतर. शेवटची ओळ जरा मोठ्या अक्षरात काढली आहे, बघा.

आजही किंजळशेतात घरामागचा मूठभर कचरा पेटवायचा असला तरी बाई आधी ढिगाकडे तोंड करून उभी राहते, मग काडी ओढते. आजही नव्या सुनेचं, भाडेकरूचं, बँकेत बदलून आलेल्या साहेबाचं नाव भाजावळीआधी विचारून घेतात. हाक त्या चौथऱ्यावरूनच होते आणि मान अजून हाकाऱ्यांच्या घराचाच आहे.

ती बघा, पिंपं आली. चला, उठते आता, मला चढायला वेळ लागतो. तुम्ही इथेच पट्ट्याच्या कडेला उभे राहा, आत पाऊल टाकायचं नाही. आणि नावं सांगा तुमची. एकेक करून सांगा, नीट सांगा, लाजू नका. गावकर, गुरव झाले की तुमचीही हाक होईल, तेव्हा मोठ्याने ओ द्या. आणि मुकी हाक झाली की मात्र कुणी एक शब्द बोलू नका. मला ऐकायचं असतं.